पाथ ऑफ एग्झाइल २ : वॉरियर, जुनं ग्राफिक्स कार्ड आणि नागपूरचा उन्हाळा

संत्राबर्फी_९

नमस्कार मंडळी. पाथ ऑफ एग्झाइल २ या ऑनलाइन ॲक्शन-आरपीजी गेममध्ये वॉरियर (गदावाला योद्धा) घेतला आहे, लेव्हल १६. पहिल्या ॲक्टच्या (अध्यायाच्या) शेवटी काउंट जिओनर या बॉसपाशी गाडी अडली. माणसाच्या रूपात तो निम्म्यावर येतो, लांडगा झाला की गोठवतो आणि पुढच्या दोन फटक्यांत काम तमाम. वीसेक प्रयत्न झाले.

सामान असं: दोन हातांची गदा (लेव्हल ८ ला सापडलेली, तीच अजून), लाइफ ३१०, फायर रेझिस्टन्स (आगीचा मार किती टक्के अडतो ते) १८, लाइटनिंग ११, कोल्ड ४. करन्सी (सामान सुधारायचे ऑर्ब) जपून ठेवली आहे: ट्रान्सम्युटेशन १४, ऑगमेंटेशन ९, रीगल २, एक्झॉल्टेड १, आर्टिफिसर १. सोनं नऊ हजारांवर.

पीसी: आय५-१०४००एफ, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० चार जीबीवालं, विंडोज १०. गेम हार्ड डिस्कवर. १०८०पी ला गावात सेकंदाला ४०-४५ फ्रेम, लढाईत २२-२५. नवीन भागात शिरलं की पहिला मिनिट-दोन मिनिटं अडकत चालते.

विचारायचं हे: चूक बिल्डमध्ये (पात्र-सामानाच्या जुळणीत) आहे की हातात? १६५० वर ६० फ्रेम होतात का? खोली वरच्या मजल्यावर, स्लॅब दुपारी तापतो. कूलरसमोर कॅबिनेट ठेवलं तर चालते का? आणि शेवटचं, एवढी डोकेफोड करायची की पूर्ण गेम फुकट होईपर्यंत बाजूला ठेवायचा? खेळलेल्यांचं खरं मत सांगा, ट्रेलरवाल्यांचं नको.

---

गदाधर_महालवाले

काहून बाप्पा, लेव्हल ८ ची गदा घेऊन काउंटच्या वाड्यात गेले? तिथंच अर्धं उत्तर आहे.

उरलेलं अर्धं त्या "कोल्ड ४" मध्ये. पहिल्या ॲक्टमध्ये रेझिस्टन्सला कुठलीच कपात नसते. क्लिअरफेलमध्ये बेरा नावाची बाई आहे, तिला मारलं की तिचं मुंडकं पडते, ते वापरलं की कायमचं १० टक्के कोल्ड रेझिस्टन्स. तुमचं एकूण ४ आहे, म्हणजे एकतर बेरा सुटली नाहीतर मुंडकं बॅगेत पडून आहे. आधी बॅग पहा. राइट क्लिक केल्याशिवाय ते लागत नाही, पुष्कळ जण तसंच घेऊन फिरतात.

अशा कायमच्या गोष्टी पहिल्या ॲक्टमध्ये आणखी आहेत. फ्रेथॉर्नमध्ये किंग इन द मिस्ट्स, त्याच्याकडून ३० स्पिरिट (कायम चालू ठेवायच्या कौशल्यांना लागतो तो साठा). काउंटच्याच वाड्यात, ओघम मॅनरमध्ये, कॅन्डलमास; त्याचे २० लाइफ. हंटिंग ग्राउंड्सच्या क्रोबेलकडून वेपन सेटचे (एका हत्यार-संचापुरते लागणारे) दोन पॉइंट, आणि ओघम फार्मलँड्समधून ऊनाचं वाद्य आणून दिलं की आणखी दोन. ३१० लाइफवाल्याला २० लाइफ काही थोडकं नाही.

आता काउंटपुरतं कोल्डचं गणित. दुकानात किंवा जमिनीवर सफायर रिंग शोधा; त्या अंगठीच्या जातीतच २० ते ३० टक्के कोल्ड असते, वरचे मॉड (वस्तूवरचे जादा गुण) कसेही असोत. समजा २५ ची मिळाली. बेराचे १०. आर्टिफिसर ऑर्बने छातीच्या चिलखताला सॉकेट (खाच) पाडून त्यात लेसर ग्लेशियल रून बसवला, आणखी १०. जुने ४ धरून ४९ झाले. शंभराचा बर्फाचा घाव आज ९६ लागतो, मग ५१ लागेल. जवळपास निम्मा. गोठवण्याचा साठाही बसलेल्या घावावरच भरतो, म्हणून गोठणंही कमी होते. वरून पट्ट्यात थॉइंग चार्म (गोठणं उतरवणारा ताईत) टाका. चार्मची जागा पट्ट्यावर असते. गोठलं की चार्म आपोआप फुटतो आणि तुम्ही सुटता.

गदेचं सांगतो. वॉरियरचे बहुतेक वार हत्याराच्या आकड्यावर चालतात. जेम (कौशल्याचा खडा) कितीही चढवा, हत्यार जुनं असेल तर मार जुनाच. प्रत्येक लेव्हल चढली की गावातल्या दुकानांचा माल बदलतो, म्हणून लेव्हल वाढली की एकदा रेन्ली लोहाराकडे डोकवायचंच. त्याच्याकडून तुमच्या लेव्हलची पांढरी, म्हणजे बिनमॉडची, दोन हातांची गदा घ्या. तिला ट्रान्सम्युटेशन मारा, एक मॉड येतो. वाढीव फिजिकल डॅमेज किंवा "ॲड्स फिजिकल" आलं तर ऑगमेंटेशन. दोन्ही कामाचे निघाले तरच रीगल. पहिल्यात कचरा आला तर ती गदा विका आणि दुसरी पांढरी घ्या. चौदा ट्रान्सम्युटेशन म्हणजे चौदा डाव आहेत, लोणचं घालायला ठेवलेत का? चांगली गदा जमली की दोन सॉकेटांत आयर्न रून. एक्झॉल्टेड मात्र इथं जाळू नका, तिच्यावर लेव्हल ३० नंतर विचार करा.

फायर-लाइटनिंगचं आत्ता डोक्याला लावून घेऊ नका. पण हे ध्यानात असू द्या: ॲक्ट संपत गेले की रेझिस्टन्स दहा-दहाने वजा होत जातो, मोहीम संपेपर्यंत एकूण ६०. कमाल ७५. म्हणजे मॅप्सच्या (मोहिमेनंतरच्या खेळाच्या) दारात कपडे-अंगठ्यांवर मिळून १३५ च्या आसपास लागते, तिन्हींना वेगवेगळं. "गेम एकदम कठीण झाला" अशा बोंबा ऐकता ना, त्यातल्या बऱ्याच इथल्याच असतात.

हाताचं काय ते दुसरं कोणी सांगा. एवढंच म्हणतो, रोल मारला की त्यातून सगळं आरपार जाते, म्हणून घाबरू नका.

---

फुटाळ्याचा_बगळा

गदाधर भाऊ, रोलचं चुकलं. डॉज रोल थेट वार आणि फेकलेली हत्यारं, बाण वगैरे चुकवतो. जमिनीवरच्या घेरातला स्लॅम चुकवत नाही. त्या घेराच्या बाहेर रोल संपला पाहिजे. काउंटशी मरणारे बहुतेक इथंच मरतात, बर्फ पसरत असतो त्याच घेरात लोळतात आणि उभे राहून खातात. मागे नाही, बाजूला लोळा. सरळ रेषेत धावत येणाऱ्यासमोर मागे लोळणं म्हणजे त्याच्याच रस्त्यात राहणं.

दुसरं, वॉरियरची हाव. अर्थक्वेक या वाराचा दुसरा धक्का उशिरा फुटतो, तो जमिनीत पेरून ठेवायचा असतो. एक पेरा, एक फटका, निघा. तिसरा फटका मारायला थांबलं की हात वर अडकलेला असतानाच त्याचा वार येतो. बॉसच्या लाइफपट्टीखाली स्टनची पट्टी भरत जाते ती पाहत रहा. "प्राइम्ड" दिसलं की बोनशॅटर हा वार. त्याने हेवी स्टन बसतो आणि काही सेकंद तो गप्प उभा राहतो. सगळा मोठा मार त्या खिडकीत. दोन हातांच्या गदेचा खरा फायदा हाच, स्टन लवकर भरते. बोनशॅटर आधीच रिकामा उडवणाऱ्याने वॉरियर खेळू नये, मंक घ्यावा.

आणि लाइफ फ्लास्क. तो मारलेल्या राक्षसांवर आणि विहिरीवर भरतो. बॉसशी एकट्याने लढताना जे आहे ते आहे. माणसाच्या रूपातच दोन-तीन घोट गेले असतील तर लांडग्यासाठी उरत नाही. पहिल्या टप्प्यात दोन घोटांवर गेलात तर तो प्रयत्न सरावाचा धरा. मेलं की बॉसचं लाइफ पूर्ण भरतं, पण चेकपॉइंट जवळच आहे आणि मोहिमेत मरण्याने अनुभव वजा होत नाही (मॅप्समध्ये १० टक्के जातो). त्यामुळे एक-दोन प्रयत्न न मारता, फक्त चुकवत काढले तरी नुकसान काही नाही.

---

गदाधर_महालवाले

मान्य. घेराचं विसरलो, ढालीवाल्या हाताची सवय. जाता जाता: ढाल घेणार असाल तर रेझ शील्डने समोरचं जवळपास सगळं अडते, लाल चमक देऊन येणारे वार सोडून. लाल दिसलं की ढाल खाली आणि बाजूला.

---

बर्डी_सर्किट

पीसीचं मी घेतो.

६० विसरा. १६५० हे किमान यादीतल्या जीटीएक्स ९६० च्या वरचं कार्ड आहे, शिफारशीच्या आरटीएक्स २०६० च्या बरंच खालचं. स्थिर ४५ हे ध्येय ठेवा. २२ आणि ४५ मध्ये झोके खाण्यापेक्षा सलग ४५ वर रोलची वेळ हाताला बसते. बगळ्याने सांगितलेलं सगळं त्या वेळेवरच आहे.

सगळ्यात आधी गेम हार्ड डिस्कवरून हलवा. कंपनीच्या यादीतच १०० जीबी जागा आणि एसएसडीची शिफारस आहे. ती शोभेची नाही. गेम चालू असतानाच टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रं) आणि शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) सतत खेचत राहतो. डिस्कची सुई पोहोचेपर्यंत फ्रेम अडकते. तुमचा "पहिला मिनिट अडकतो" तो हाच. साधी साटा एसएसडी चालते, एनव्हीएमईसाठी मदरबोर्ड बदलण्याच्या भानगडीत पडू नका. हलवल्यावरही प्रत्येक नवीन भागात पहिल्यांदा थोडं अडकेल, शेडर तयार होत असतात. दुसऱ्या खेपेला राहत नाही.

मग एफ१ दाबा. तीन आलेख येतात: पिंग (सर्व्हरपर्यंत ये-जा करायला लागणारे मिलिसेकंद), फ्रेमला लागलेला वेळ, एफपीएस. अडकताना कोणता उसळतो ते पाहूनच सेटिंगला हात लावा. पिंग उसळत असताना ग्राफिक्स कमी करत बसणारे लोक पाहिले आहेत.

सेटिंग: लायटिंगला "शॅडोज प्लस ग्लोबल इल्युमिनेशन" असेल तर फक्त "शॅडोज" करा. एकाच बदलात सगळ्यात जास्त फ्रेम इथं सुटतात. सावल्या लो. टेक्स्चर मीडियम, चार जीबीत हाय बसत नाही. बसवलं तर कार्ड रॅममधून उसनं घेतं आणि झटके येतात. अपस्केलिंगमध्ये (लहान चित्र काढून मोठं करण्यात) डीएलएसएस तुमच्या कार्डाला नाही, ते आरटीएक्सवाल्यांचं. एफएसआर बॅलन्स्ड लावा. डायनॅमिक रिझोल्यूशन चालू. मल्टिथ्रेडिंग चालू. फोरग्राउंड फ्रेम कॅप ४५, बॅकग्राउंड ३०. रेंडरर डायरेक्टएक्स १२ वर असेल तर एकदा व्हल्कन लावून त्याच जागी पाच मिनिटं फिरा, मग ठरवा. कोणाच्या मशीनवर कोणतं बरं चालेल हे बाहेरून सांगता येत नाही. बदलल्यावर शेडर पुन्हा बनतात, म्हणून पहिल्या मिनिटावर निकाल देऊ नका.

नेटवर्किंग मोडमध्ये लॉकस्टेप आणि प्रेडिक्टिव्ह असतं. लॉकस्टेपमध्ये सर्व्हर हो म्हणेल तेव्हाच पात्र हलतं, पिंग जास्त असेल तर बटण जड वाटतं, पण स्क्रीनवर दिसतं तेच खरं असतं. प्रेडिक्टिव्हमध्ये लगेच हलतं, आणि कधीकधी मागे ओढलं जातं. शंभराच्या आत पिंग स्थिर असेल तर लॉकस्टेप. दीडशेच्या वर प्रेडिक्टिव्ह. लॉगिनच्या स्क्रीनवर गेटवेच्या यादीत कमी पिंगचा हाताने निवडा, ऑटोवर सोडू नका.

आता कूलर. कॅबिनेट कूलरच्या तोंडासमोर अजिबात नको. लोकांना भीती दमट हवेची वाटते, ती तितकीशी खरी नाही: चालू पीसी खोलीपेक्षा गरमच असतो, त्याच्यावर दव धरत नाही. खरी पंचाईत थेंबांची आणि चिखलाची. वाळ्याच्या ताट्या जुन्या झाल्या किंवा पंप जास्त पाणी टाकू लागला की बारीक तुषार येतात, त्यात आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार. तो हीटसिंकच्या पात्यांवर धुळीसोबत बसतो, वाळतो आणि ब्लोअरने निघत नाही, ब्रशने खरवडावा लागतो. चार-पाच फूट दूर, झोताच्या बाजूला ठेवा, जमिनीवर नको, स्टुलावर. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. ती बंद असेल तर तासाभरात खोली दमट होते आणि कूलर थंड करायचंच थांबवतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर झकास काम करतो, जुलैत काही उपयोग नाही.

खोली दहा अंश तापली की कार्डही साधारण तेवढंच वर जातं. १६५० फक्त ७५ वॉटचं आहे, म्हणून तुमचं नशीब बरं. फ्रेम कॅप लावली की ते पूर्ण ताकदीने धावतच नाही. तरीही ८० च्या वर राहत असेल तर आफ्टरबर्नर या कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८५ टक्के करा, दोन-तीन फ्रेम जातील. कॅबिनेटची काच काढून टेबल फॅन लावायचा उपाय चालतो, पण धूळ दुपटीने. पंधरा दिवसांनी साफ करायची तयारी असेल तरच.

एक राहिलं. कूलर आणि पीसी एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर नकोत. कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज दबतं, कधी त्यातच पीसी रीस्टार्ट होतो. ६०० व्हीएचा यूपीएस तुमच्या मशीनला पुरतो, आणि राउटरही त्याच्यावर घ्या. हा गेम ऑनलाइनशिवाय चालतच नाही. लाइट गेली की तुम्ही अंधारात, पण पात्र काही सेकंद राक्षसांत उभंच असतं.

---

ऑफलाइन_अण्णा

सगळे उपाय सांगून राहिले, मुद्द्याचा प्रश्न कोणी घेतलाच नाही: खेळावा का?

माझं मत, लढाई उत्तम, बाकीची डोकेदुखी. ग्राइंडिंग गियर गेम्सने ६ डिसेंबर २०२४ ला अर्ली ॲक्सेस काढला तेव्हा तीनच ॲक्ट होते आणि तेच "क्रूएल" नावाने पुन्हा खेळावे लागायचे. ऑगस्ट २०२५ च्या ०.३ मध्ये चौथा ॲक्ट आणि मधले इंटरल्यूड आले, तेव्हा ती पुनरावृत्ती गेली. डिसेंबर २०२५ मध्ये ड्रुइड आला, अस्वल-लांडगा होणारा. भर पडते, पण प्रत्येक मोठ्या पॅचला जुन्या बिल्डांची उलथापालथ होते. आज शिकलेलं पुढच्या लीगला (हंगामाला) निम्मं बाद. ज्याला रोज दीड तास मिळतो त्याने हे समजून यावं. भाग मोठे आहेत, पायपीट फार, ०.३ मध्ये धावणं आलं (रोलचं बटण दाबून धरा), तरी धावताना फटका बसला की सपाट पडता.

लाइटची आणि नेटची खात्री नसेल तर ग्रिम डॉन पहा. २०१६ चा गेम, पूर्ण ऑफलाइन, १६५० वर लोण्यासारखा. दोन मास्टरी एकत्र करून क्लास बनतो, विस्तारांसह नऊ मास्टऱ्या. क्राफ्टिंगची हौस असेल तर लास्ट एपॉक, फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण रूपात, त्यातही ऑफलाइन मोड आहे. तिथं कोणता गुण चढवायचा ते तुम्ही निवडता; इथं ऑर्ब मारा आणि देवाचं नाव घ्या.

---

फुटाळ्याचा_बगळा

अण्णा, ग्रिम डॉनबद्दल वाद नाही. पण त्यात बॉसशी उभं राहून हाणायचं असतं, इथं बॉस वाचायचा असतो. दोन्हींची भूक वेगळी. संत्राबर्फींनी वीस प्रयत्न केले म्हणजे त्यांना ही दुसरी भूक आहे, नाहीतर पाचव्यालाच गेम उडवला असता.

फुकट होईपर्यंत थांबण्याबद्दल: ३० डॉलर तर गेलेच आहेत, आणि त्या पॅकमध्ये गेमच्या दुकानाचे ३०० पॉइंट परत मिळालेले असतात. ते कपड्यांवर उडवू नका. करन्सी टॅब (ऑर्ब साठवायचा कप्पा) ७५ चा आहे, पण स्टॅश टॅबचा सेल वरचेवर लागतो, तेव्हा घ्या. ज्याने टॅब घेतले नाहीत त्याला हा गेम "फुकट" असूनही फार दिवस सुखाने खेळता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

---

संत्राबर्फी_९

मुंडकं बॅगेतच होतं. काय बोलू.

सफायर रिंग २२ ची मिळाली, रून बसवला, कोल्ड ४६. सहाव्या पांढऱ्या गदेवर फिजिकलचे दोन्ही मॉड आले, रीगलने तिसरा अटॅक स्पीड. गेम एसएसडीवर, लायटिंग फक्त शॅडोज, कॅप ४५: लढाईत आता ४२-४५. काउंट चौथ्या प्रयत्नात पडला, एक घोट शिल्लक होता.

आता दुसऱ्या ॲक्टमध्ये बॅग दर दहा मिनिटांनी भरते. सगळं विकू, की मोडू?

---

गदाधर_महालवाले

वा राजेहो!

सॉकेट असलेलं किंवा क्वालिटी असलेलं काहीही विकायचं नाही, रेन्लीच्या सॅल्व्हेज बेंचवर मोडायचं. सॉकेटवाल्यातून आर्टिफिसरचे तुकडे निघतात, दहा तुकड्यांचा एक ऑर्ब. क्वालिटीवाल्यातून व्हेटस्टोन आणि आर्मररचे स्क्रॅप. पिवळ्या, म्हणजे रेअर, वस्तू दुकानात डिसएन्चांट केल्या तर रीगलचे तुकडे, निळ्यांचे ट्रान्सम्युटेशनचे. तेही दहाला एक. सोनं कमी पडलं तरच विका. सोनं मुख्यतः गावातल्या हूडेड वनकडे पॅसिव्ह पॉइंट (कौशल्यांच्या झाडात घातलेले गुण) परत घ्यायला लागते आणि लेव्हलसोबत तो दर चढत जातो. झाडात चुकीच्या फांदीवर गेला असाल तर आत्ताच स्वस्तात परत फिरा.

पांढरं उचलणं आता बंद करा, फक्त तुमच्या लेव्हलची गदा दिसली तर. नेव्हरसिंकचा फिल्टर अकाउंटला फॉलो करून गेममध्ये निवडला की जमिनीवरचा निम्मा कचरा दिसतच नाही. आणि ट्रेटर्स पॅसेजमध्ये बालबाला चुकवू नका. तिच्याकडच्या नाण्याने सेखेमाची ट्रायल उघडते, तिथं पहिली असेन्डन्सी (क्लासची खास शाखा) मिळते. आत लाइफसोबत ऑनर नावाची पट्टी असते, मार खाल्ला की ती घटते, संपली की बाहेर. म्हणून जायच्या आधी लाइफ फ्लास्क बदला आणि ढाल-गदेचा एक संच दुसऱ्या वेपन सेटमध्ये ठेवा. एक्स दाबलं की बदलते.

---

बर्डी_सर्किट

४५ जमले तर टेक्स्चर हाय करायचा मोह होईल. करू नका. दुसऱ्या ॲक्टमध्ये वाळूची वादळं आहेत.